लाकडाच्या अर्कातील साखर आणि आम्लाची मर्यादा

कोकणच्या किनाऱ्यावरील सुरू हे झाड दिसायला पाइनसारखे असले, तरी त्याच्या हिरव्या सुया म्हणजे प्रत्यक्षात बारीक डहाळ्या असतात आणि ते आंबा, ऐन, किंजळ यांच्याप्रमाणेच सपुष्प वृक्षांत मोडते. लाकडातून साखर काढायची असेल, तर हा भेद मोलाचा ठरतो. या वृक्षांच्या लाकडातील हेमिसेल्युलोज, म्हणजे पेशीभित्तिकेतला शर्करांच्या साखळ्यांचा एक घटक, मुख्यतः झायलोज या पाच कार्बनी शर्करेच्या साखळ्यांचे असते, तर पाइनवर्गीय लाकडात मॅनोज या सहा कार्बनी शर्करेचे प्रमाण अधिक असते.

अशा लाकडाचा भुसा बंद पात्रात, दाबाखाली, सुमारे १६० ते १७० अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवला, की हेमिसेल्युलोजला चिकटलेले अ‍ॅसिटिल गट सुटून अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते आणि तेच साखळ्या तोडू लागते. सेल्युलोज (लाकडाचे मुख्य तंतू) व लिग्निन (त्यांना बांधून ठेवणारा घटक) बहुतांशी भुशातच राहतात. हाती येणाऱ्या तपकिरी अर्कात मात्र सुटी शर्करा थोडी आणि साखळ्यांचे आखूड तुकडेच फार असतात.

हे तुकडे पूर्ण सुटे करण्यासाठी प्रयोगशाळेत अर्कातील सल्फ्युरिक आम्लाचे प्रमाण ४ टक्के करून तो १२१ अंशांवर एक तास तापवतात. आम्लातील प्रोटॉन दोन शर्करांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवर बसतो, बंध तुटतो आणि तेथे पाण्याचा रेणू सामावला जातो. आम्ल स्वतः खर्ची पडत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे: साखळ्या संपल्या तरी ते थांबत नाही. झायलोजच्या रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले, की त्याचे फरफ्युरल बनते. शर्करा तर जातेच, शिवाय शर्करा आंबवून अल्कोहोल बनवणाऱ्या यीस्टच्या वाढीलाही फरफ्युरल मारक ठरते. म्हणूनच चोख मोजणी करणारे संशोधक शुद्ध शर्करेचे ज्ञात वजन त्याच आम्लातून, त्याच तापमानाला नेऊन किती घट होते ते पाहतात आणि त्यानुसार आकडे दुरुस्त करतात. ही पायरी वगळलेल्या आकड्यांवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी आम्ल कॅल्शियम कार्बोनेटने उदासीन करतात, म्हणजे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) तळाशी बसते. कोकणात ज्या शिंपल्या भाजून चुना करीत, त्याही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्याच असतात.

उरलेल्या द्रावणातील झायलोज बेकरीतले नेहमीचे यीस्ट आंबवू शकत नाही. हायड्रोजनच्या साहाय्याने मात्र त्यापासून झायलिटॉल हा गोड पदार्थ बनतो. त्यामुळे कोकणातील भुशाच्या अर्काचा विचार अल्कोहोलपेक्षा आधी झायलिटॉलसाठी व्हावा, असे मला वाटते.