विकायचा फ्लॅट वेगळा, भाड्याचा वेगळा: भिंत पाडण्याआधी

मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला फ्लॅट घ्यायचा, बारावीपर्यंत तिथे राहायचं, आणि मुलं नागपूरला गेली की आपण परत गावी, वावराकडे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात असे कुलूप लागलेले बरेच फ्लॅट आहेत. आमचाही दोन वर्षं बंद होता. कुलूप काढायची वेळ आली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: "थोडं काम काढू, म्हणजे किंमतही चांगली येईल आणि भाडंही." तेव्हा मलाही ते पटलं होतं. पण घराची किंमत वाढवणारं काम आणि भाडं वाढवणारं काम एकच नसतं, बरेचदा ती एकमेकांच्या आड येतात.

घेणारा माणूस पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा विचार करतो. तो एकटा येत नाही. सोबत वडील असतात, वास्तू पाहणारे कुणीतरी असतात, आणि मागून बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, संडास ईशान्येला तर नाही ना, गावाकडून चार पाहुणे आले तर कुठे झोपतील, हे त्यांचे प्रश्न. भाडेकरू म्हणजे बँकेत बदलून आलेला कर्मचारी, शिक्षक, तहसील कचेरीतले लोक, नाहीतर माजरीकडच्या कोळसा खाणीत ड्युटी करणारा. त्याला दोन-तीन वर्षं काढायची असतात. पाणी किती वेळ येतं आणि मे महिना कसा जातो, एवढं तो पाहतो.

मे महिन्याचं सांगतो, कारण आमची चूक तिथेच झाली. गॅलरी विटांनी बंद करून, सरकती काच लावून आम्ही तिसरी खोली काढली. कागदावर छान दिसत होती. पहिला भाडेकरू उन्हाळ्यातच सोडून गेला. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घर कूलरवर चालतं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून ओढून आत फेकतो. त्याची पाठ उघड्यावर हवी आणि आत आलेल्या हवेला समोरच्या खिडकीतून बाहेर पडायला वाट हवी. गॅलरी बंद झाल्यावर कूलर खोलीतच ठेवावा लागला. तीच दमट हवा तो फिरवत राहिला. संध्याकाळपर्यंत अंग चिकट, गाद्या ओलसर, भिंतीला हात लावला तर तोही ओला.

बरं, विकायच्या दृष्टीने तरी ती खोली कामाची होती का? तर तीही नाही. घरखरेदीसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यात चटई क्षेत्राची, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेची (कार्पेट एरिया), जी व्याख्या आहे, तीत गॅलरी धरत नाहीत. ती विटांनी बंद केली म्हणून चटई क्षेत्र एका फुटानेही वाढत नाही. उलट बँकेच्या माणसाला नकाशात नसलेली खोली दिसते आणि घेणाऱ्याचं कर्ज अडकू शकतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. घरातल्या आतल्या भिंती चटई क्षेत्रात आधीच मोजलेल्या असतात. त्यामुळे मधली भिंत पाडली की घर मोकळं दिसतं, पण कागदावर ते तेवढंच राहतं.

मधल्या भिंतीवर मिस्त्री बोटाने टकटक करून मला म्हणाला, "ही भित नुसती जोडाई हाय भाऊ, दोन घंट्यात पाडून देतो." मी मान वर करून पाहिलं. भिंतीच्या बरोबर डोक्यावरून बीम गेलेला, आणि टोकाला प्लास्टरखाली कॉलमचा कोपरा चार बोटं पुढे आलेला. पिलरवर उभ्या इमारतीत मधली भिंत बहुतेक वेळा नुसती जोडाई, म्हणजे वरचा भार न घेणारी विटांची भिंत असते, हे खरं. पण जुन्या बांधकामात स्लॅबचा भार थेट भिंतीवरही असतो. टकटक करून ते कळत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीची लेखी परवानगी घ्या, मगच हातोडा उचला. यात विकायचं की भाड्याने द्यायचं हा फरकच नाही.

खोल्यांच्या बाबतीत मात्र दोन वाटा स्पष्ट फुटतात. दोन नोकरदार मिळून फ्लॅट घेतात तेव्हा प्रत्येकाला आपली खोली हवी असते, दार हॉलमध्ये उघडणारी, आणि बाथरूमला जाताना दुसऱ्याच्या पलंगाजवळून जावं लागू नये. हॉलमध्ये जिप्समचं पार्टिशन टाकलं की हे जमतं. पण १२ बाय १४ चा हॉल दुभंगला की प्रत्येकी ८४ चौरस फूट उरतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत मुख्य खोली किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट सांगितली आहे. घेणारं कुटुंब अशा खुराड्याला नाक मुरडणारच. म्हणून भाड्यासाठी पार्टिशन करायचं तर काढता येणारं करा, विटांचं नको.

बाथरूम हलवायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जाण्याचं जाळीचं तोंड) सरकला, उतार चुकला, की पाणी खालच्यांच्या छतात उतरतं. घेणारा आधी ओलीचे डाग शोधतो.

पैशाचा हिशेबही वेगळा आहे. भाड्याच्या उत्पन्नातून आयकरात ३० टक्के ठरीव वजावट मिळते. त्या वर्षी तुम्ही दुरुस्तीला दहा हजार घातले की दोन लाख, वजावट तेवढीच. विकताना मात्र घरात केलेली कायमची सुधारणा भांडवली नफा काढताना खर्चात धरली जाते, बिलं असली तर. मिस्त्रीला रोख देऊन, चिठ्ठीही न घेता मोकळं होण्याची आपली सवय इथे महागात पडते.

आम्ही गॅलरीची भिंत काढली, जाळी बसवली, कूलर तिथे गेला. हॉलमध्ये पार्टिशन आहे, दोन शिक्षक राहतात. नकाशाची प्रत आणि सगळी बिलं एका फायलीत आहेत. स्वयंपाकघराला अजून हात लावलेला नाही. दार ठेवायचं की हॉलकडून उघडं करायचं, ते फोडणीच्या ठसक्यात उभ्या राहणाऱ्या, फ्लॅट घेणाऱ्या घरातल्या वहिनींनीच ठरवावं.