संचमान्यतेत नसलेले सर

ठाण्यातल्या कुठल्याही अनुदानित शाळेची संचमान्यता, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांची यादी, घ्या. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, विषयशिक्षक, लिपिक, शिपाई अशी पदं ओळीने दिसतील. क्रीडाशिक्षक असला तर असला. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक नावाचं एक पद सापडेल. खेळाडूंची ताकद आणि दम घडवणारा 'स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच' मात्र कुठेच सापडणार नाही. आणि तरी संध्याकाळी पाचनंतर घोडबंदर रोडवरच्या टर्फवर किंवा नेरुळ-सीवूड्सच्या मैदानाच्या कडेला हा माणूस हमखास भेटतो. गळ्यात स्टॉपवॉच, सॅकमध्ये रबरी बँड आणि प्लास्टिकचे कोन, समोर बारा-चौदा वर्षांची पोरं. मुलं त्याला 'फिटनेस सर' म्हणतात, पालक 'ट्रेनर' म्हणतात. पैसे अकादमी देते, नाहीतर पालक; शाळा क्वचितच. पोरं शाळेची, पण त्यांची ताकद घडवणारा माणूस शाळेच्या फाटकाबाहेर, असं का झालं हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

तालमीत हे काम होतंच, त्याला वेगळं नाव तेवढं नव्हतं. वस्ताद डाव शिकवायचा, पण त्याचं निम्मं लक्ष डावांच्या आधीच्या मेहनतीवर असायचं. कुणी किती जोर काढायचे, किती बैठका मारायच्या, कुणी करेल फिरवायची, कुणी नाल उचलायची, कुणाचा खुराक वाढवायचा आणि कुणाला आज नुसती मालिश करून झोपवायचं, हे तोच ठरवायचा. पावसाळ्यात फड बंद, तेव्हा मेहनत रगडून. जत्रांचा हंगाम जवळ आला की मेहनतीला आवर आणि लढतींना जोर. लेव मात्वेयेव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने १९६०च्या दशकात वर्षभराच्या सरावाचे टप्पे पाडून जे शास्त्र मांडलं, ते आज प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी घोकावं लागतं. वस्तादाला त्यातला गाभा जत्रांच्या तारखांवरून कळत होता. मोजमाप मात्र नव्हतं, हेही मान्य करायला हवं. आकडा वहीत नसायचा, वस्तादाच्या नजरेत असायचा. वस्ताद गेला की तोही गेला.

तालमीबरोबर मल्लखांब होता. पेशवाईच्या अखेरीला बाळंभट दादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं असं मानतात. पुढे १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. म्हणजे शरीर कमावण्याची परंपरा आपल्याकडे कमी नव्हती. ती शाळेच्या वेळापत्रकात शिरताना मात्र तिची कवायत झाली.

इंग्रजी अमदानीतल्या शाळांत व्यायाम म्हणजे ड्रिल. रांग, सावधान, विश्राम. शिकवायला बहुतेकदा फौजेतून निवृत्त झालेला माणूस. यात बदल करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मद्रासला झाला. हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने तिथे १९२० साली वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचं शारीरिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं सरकार १९३७ साली आलं, तेव्हा शाळांतल्या शारीरिक शिक्षणाची घडी बसवण्याचं काम योगाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांकडे आलं. कुवलयानंद हे बडोद्यात आखाडा चालवणाऱ्या राजरत्न माणिकरावांचे शिष्य, म्हणजे आखाडा आणि प्रयोगशाळा दोन्हींत पाय असलेला माणूस. १९३८ साली कांदिवलीला शिक्षक घडवणारी सरकारी संस्था निघाली. तिथले प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे ग्वाल्हेरला १९५७ साली निघालेल्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. ठाण्याच्या ज्या तरुणांना 'पीटी सर' व्हायचं होतं, त्यांच्यासाठी वाट सोपी होती: दादरला गाडी बदलायची आणि कांदिवली गाठायची.

१९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आली आणि इथे एक फाटा फुटला. त्याचा परिणाम आजवर भोगावा लागतोय असं माझं मत आहे. कांदिवली-ग्वाल्हेर शिक्षक घडवणार, म्हणजे वर्गातल्या पन्नास-साठ मुलांना एकत्र सांभाळणारा माणूस. पतियाळा खेळाचा कोच घडवणार: हॉकीचा, अॅथलेटिक्सचा, कुस्तीचा. या दोघांच्या मधलं काम, खेळ कुठलाही असो, त्या खेळासाठी शरीर तयार करण्याचं काम, कुणाच्याच नावावर लागलं नाही. ताकद ही गोष्ट मग व्यायामशाळांकडे गेली आणि व्यायामशाळा तोवर शरीरसौष्ठवाकडे वळल्या होत्या. 'श्री'च्या स्पर्धा गणपती-नवरात्रासारख्याच गल्लोगल्ली भरू लागल्या. दंडाची बेटकुळी दिसली पाहिजे. पाय किती वेगाने पळतात याच्याशी तिथे कुणाला कर्तव्य नव्हतं.

आम्ही नव्वदच्या दशकात शाळेत होतो. पीटीचा तास सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई मागून घ्यायच्या. सरांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती: वजनं उचलाल तर उंची खुंटेल. घरी आजीही हेच म्हणायची, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नव्हती. गंमत अशी की हा समज एकट्या ठाण्याचा नव्हता. अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धानंतर कितीतरी वर्षं कोच मंडळी खेळाडूंना वजनांपासून लांब ठेवत. स्नायू आखडतील, वेग जाईल, ही भीती. फरक एवढाच की तिथे हा समज मोडायला काही माणसं पुढे आली आणि त्यातून एक पेशाच तयार झाला.

पहिलं नाव अॅल्विन रॉय यांचं. लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात त्यांची व्यायामशाळा होती. १९५५च्या सुमारास त्यांनी तिथल्या इस्ट्रूमा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाला वजनं उचलायला लावली. शाळेच्या संघाने राज्य जिंकलं, मग तिथल्या विद्यापीठाने तोच कित्ता गिरवून १९५८चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि १९६३ साली सॅन डिएगो चार्जर्स या व्यावसायिक संघाने रॉयना कामावर घेतलं. म्हणजे हा पेशा शाळेतून वर गेला. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे बरोबर उलटं झालं.

दुसरं नाव बॉइड एप्ली. हे नेब्रास्का विद्यापीठात पोलव्हॉल्ट करायचे. पाठ दुखावली म्हणून वजनांच्या खोलीत वेळ घालवू लागले. दुखापती झालेले फुटबॉलपटूही तिथेच यायचे. ते एप्लींचं बघून व्यायाम करू लागले आणि ठणठणीत होऊन परतू लागले. साहाय्यक कोच टॉम ऑसबोर्न यांच्या हे नजरेत आलं. १९६९ साली विद्यापीठाने एप्लींना ताशी दोन डॉलरवर नेमलं. मुख्य कोच बॉब डेव्हेनी यांनी तंबी दिली की एकजण जरी मंदावला तरी घरी पाठवीन. कुणी मंदावलं नाही. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं आली आणि इतर विद्यापीठांचे फोन सुरू झाले.

१९७८ साली ७६ जण नेब्रास्कातल्या लिंकन शहरात जमले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना काढली. सुरुवातीला नाव फक्त 'स्ट्रेंग्थ कोच' लोकांचं होतं. १९८१ साली त्यात 'कंडिशनिंग' आलं. दम, वेग, लवचीकपणा, दुखापतीतून परत येणं, हे सगळं या एका शब्दात कोंबलेलं आहे. मराठीत त्याला चपखल प्रतिशब्द नाही आणि 'ताकद-तंदुरुस्ती' म्हटलं तर आयुर्वेदिक चूर्णाची जाहिरात वाटते. १९८५ साली याच संघटनेने प्रमाणपत्राची परीक्षा सुरू केली, आणि त्याच वर्षी लहान मुलांच्या वजनव्यायामावरची आपली भूमिकाही जाहीर केली: देखरेख नीट असेल तर हरकत नाही. २०१४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्रित निवेदन काढून तेच ठामपणे सांगितलं. उंची खुंटते याला पुरावा नाही. आजी आता नाही, नाहीतर तिला सांगितलं असतं.

अमेरिकेतल्या हायस्कुलांत एक गोष्ट सोयीची झाली. वजनांचा तास हा शारीरिक शिक्षणाचाच विषय म्हणून धरला जातो, त्यामुळे शिक्षकाच्या पगारातच स्ट्रेंग्थ कोच मिळतो. पद नवं लागलं नाही, जुन्या पदाचं काम बदललं. मोठ्या विद्यापीठांत तर प्रकरण वेगळ्याच थराला गेलं. आयोवा विद्यापीठाच्या स्ट्रेंग्थ कोचचा पगार २०१९ साली वर्षाला आठ लाख डॉलरवर पोचला होता. याच विद्यापीठात जानेवारी २०११ मध्ये एका जबर सत्रानंतर १३ फुटबॉलपटूंना स्नायूंच्या पेशी फुटल्याने रुग्णालयात न्यावं लागलं होतं. २०१५पासून वरच्या गटातल्या विद्यापीठांना प्रमाणित कोचच नेमण्याची सक्ती झाली. तरी २०१८ साली मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. भिंतीवर प्रमाणपत्र असून भागत नाही. समोरच्या पोराचा चेहरा वाचता यावा लागतो. ऑक्टोबरच्या उन्हात, खाडीवरच्या त्या चिकट हवेत, दुपारी तीनला मुलांना शटल, म्हणजे ठरावीक अंतरात मागेपुढे, पळवणाऱ्यांनी ही हकिकत जरूर वाचावी.

आपल्याकडे हा पेशा वरून खाली आला, आणि आला क्रिकेटच्या खांद्यावरून. २००३च्या विश्वचषकाआधी एड्रियन ल रू हे दक्षिण आफ्रिकेचे ट्रेनर भारतीय संघाबरोबर होते. झहीर, कैफ, युवराज यांच्या पिढीने जिम नावाची गोष्ट गंभीरपणे घेतली ती तेव्हा. २०११चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे ट्रेनर रामजी श्रीनिवासन हे चेन्नईचे. त्यांच्यानंतर शंकर बासू आले आणि विराट कोहलीच्या शरीरात झालेला बदल सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. २०१७ साली यो-यो टेस्ट घराघरांत पोचली. ही चाचणी डेन्मार्कच्या येन्स बाँग्सबो यांची: २० मीटर जा, वळा, परत या, दहा सेकंद दम घ्या, पुन्हा पळा, आणि दर टप्प्याला बीप लवकर वाजत जाते. उत्तीर्ण व्हायला तेव्हा १६.१ ही पातळी लागायची. त्या वर्षी ठाण्यातल्या बापांना मुलाचे सहामाहीचे गुण विचारले तर अडखळायचे, पण यो-योचा आकडा तोंडपाठ.

दुसरा धक्का कबड्डीचा. चरईच्या श्री मावळी मंडळासारख्या संस्थांनी ठाण्यात कबड्डी पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती मातीवर. २०१४च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळ मॅटवर, दिव्यांखाली, जवळजवळ रोज सामना अशा वेळापत्रकात गेला. मातीत घसरणारा पाय मॅटवर चिकटतो. गुडघे आणि घोटे जायला लागले. चढाई शिकवणारे जुने जाणकार इथे हतबल झाले आणि संघांना कंडिशनिंगवाला माणूस घ्यावाच लागला. आगरी-कोळी गावांतली पोरं, जी आधी फक्त भावकीच्या मंडळात खेळायची, तीही मग जिमकडे वळली.

नवी मुंबईची गोष्ट थोडी निराळी. मार्च १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि शहर आधी कागदावर आखलं गेलं, त्यामुळे शाळांच्या शेजारी मैदानं राहिली. ठाण्याच्या गावठाणातल्या शाळेला जे कधी मिळालं नाही, ते वाशी-नेरुळच्या शाळेला जन्मतः मिळालं. २००८ साली नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम उघडलं, २०१७ साली तिथे १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. २०१५ साली नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल अकादमी सुरू झाली. मुलगा तिथेच राहतो, शिकतो, खेळतो आणि त्याच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या जातात. २ नोव्हेंबर २०२५ला भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तोही नेरुळलाच. मैदान आहे, प्रेक्षक आहेत, अकादम्या आहेत. सर्वसाधारण शाळेत मात्र अजून ते पद नाही.

याचं एक कारण कायद्यात सापडतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही पटसंख्या शंभरावर असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला 'अंशकालीन' निदेशक सुचवला आहे. मूळ पीटी सरच अर्धवेळ, तर त्याच्या जोडीला ताकदीचा माणूस कोण देणार? इकडे बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी २०१४च्या नियमांनी दोन वर्षांची झाली. दोन वर्षं आणि फी घालून बाहेर पडलेल्या तरुणाला कायम नोकरीची शाश्वती नाही, म्हणून तो पहिली नोकरी जिमच्या फ्लोअरवर धरतो. पहाटे साडेपाचला मेंबर, संध्याकाळी पुन्हा मेंबर, मधल्या वेळेत अभ्यास. मग तो अमेरिकन प्रमाणपत्राच्या मागे लागतो, ज्याचं शुल्क डॉलरमध्ये आहे आणि ज्यासाठी पदवी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि दोन भागांची परीक्षा लागते. ते हातात आलं की अकादमी, मग राज्य संघ, नशीब असेल तर आयपीएल किंवा प्रो कबड्डीचा ताफा. शाळा-कॉलेज या शिडीत पायरी म्हणूनही येत नाही. जे शहाणे आहेत ते एम.पी.एड. आणि नेट ही पात्रता परीक्षा करून कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक होतात आणि वजनांची खोली आपल्या हाताने सुरू करतात. मला यातली हीच वाट सगळ्यात खरी वाटते, कारण नेब्रास्कातही सुरुवात एका खोलीपासूनच झाली होती. पण पद एक, अर्ज ढीगभर, आणि भरती निघेपर्यंत उमेदवाराचे केस पिकतात.

पालकांना या सगळ्याशी देणंघेणं वेगळ्या कारणाने असतं. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलाला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून दहावीपर्यंत फिटनेस सर हवे असतात. अकरावीला क्लास लागला की सरांचा फोन उचलला जात नाही. नेमकं त्या वयात, पंधरा ते अठरा, शरीर वजनांना सगळ्यात चांगला प्रतिसाद देऊ लागलेलं असतं.

खासगी शाळांपैकी काही आता असा माणूस ठेवतात. हुद्दा 'स्पोर्ट्स कन्सल्टंट' किंवा 'व्हिजिटिंग फॅकल्टी', मानधन तासावर, करार जूनपासून मार्चपर्यंत. एप्रिल-मे कोरे. त्या दोन महिन्यांत हेच सर सोसायट्यांच्या उन्हाळी शिबिरात आठ वर्षांच्या मुलांना बेडूकउड्या मारायला लावतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या ऑफिसात करार नवा झाला का ते विचारायला जातात.