वाळलेल्या मिरच्यांचे मेक्सिकन सॉस : एका घरगुती कृतीची पार्श्वभूमी

वाळलेल्या मिरच्यांचा मेक्सिकन सॉस घरी करायचा म्हटले की कृती साधारण एकाच वळणाने जाते. मिरच्या ओलसर फडक्याने पुसायच्या, देठ काढून बिया झटकायच्या, तव्यावर काही क्षण शेकायच्या, गरम पाण्यात भिजत घालायच्या, भाजलेले टोमॅटो, कांदा आणि लसूण घालून वाटायच्या, वाटण गाळायचे आणि शेवटी ते कडकडीत तापलेल्या चरबीत किंवा तेलात ओतून दाट होईपर्यंत परतायचे. पहिल्यांदाच करणाऱ्याला यातल्या दोन-तीन पायऱ्या अनावश्यक वाटतात. वाटलेला सॉस पुन्हा परतायचा कशाला, मुळात मिरच्या ताज्याच का घेऊ नयेत, असे प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे इतिहासात आहेत, कारण या कृतीतल्या पायऱ्या एका काळातल्या नाहीत. शेकणे, भिजवणे आणि वाटणे हे स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीचे आहे, चरबीत परतणे सोळाव्या शतकात आले आणि हे सगळे तासाभरात उरकण्याची सोय विसाव्या शतकातली आहे.

मिरचीच्या कुळातल्या पाच जाती माणसाने लागवडीखाली आणल्या. त्यांपैकी जगभर सर्वाधिक पसरलेली कॅप्सिकम ॲन्यूम ही जात मेक्सिकोत लागवडीखाली आली. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ रिचर्ड मॅकनीश यांनी प्वेब्ला राज्यातल्या तेवाकान खोऱ्यातील कोरड्या गुहांचे उत्खनन केले, तेव्हा मका आणि भोपळ्याबरोबर मिरचीचेही काही हजार वर्षांपूर्वीचे अवशेष हाती लागले. ईशान्येकडच्या तामाउलिपास भागातील गुहांतही असे अवशेष सापडले आहेत. पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात गोव्याला उतरलेली आणि तिथून दख्खनभर पसरलेली मिरची याच कुळातली. आपली ब्याडगी आणि संकेश्वरी या दोन्ही कॅप्सिकम ॲन्यूमच आहेत. मात्र आपल्याकडे मिरचीने मिऱ्यांची जागा घेतली आणि ती तिखटपणासाठी घालायचा मसाला झाली. मेक्सिकोत ती सॉसचा मुख्य घटक राहिली. तिथल्या सॉसला दाटपणा, रंग आणि चव हे सारे प्रामुख्याने मिरचीच्या गरातून मिळते. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर चार-सहा माणसांच्या सॉसला डझनभर मिरच्या का लागतात हे कळत नाही. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२मध्ये तिखटपणा मोजण्याची जी पद्धत घालून दिली तिच्या मापाने आंचो मिरची सुमारे १,००० ते २,००० एककांची, तर बारीक आर्बोल मिरची १५,००० ते ३०,०००च्या घरातली भरते. पहिली मूठभर लागते आणि दुसरी मोजून दोन-चार.

मिरची वाळवण्यामागचा पहिला हेतू अर्थातच साठवण हा होता. हंगामात आलेले पीक वर्षभर पुरले पाहिजे आणि दूरवर नेता आले पाहिजे. स्पॅनिश लोक येण्याआधी मध्य मेक्सिकोवर राज्य करणाऱ्या अस्तेक सत्तेला अंकित प्रांतांकडून मिळणाऱ्या खंडणीत वाळलेल्या मिरच्यांच्या गोण्या असत. १५४१च्या सुमारास तयार झालेल्या मेंडोसा हस्तलिखितातील खंडणीच्या चित्रयाद्यांमध्ये त्या मापासह दाखवल्या आहेत. त्याच हस्तलिखितातल्या एका चित्रात बाप आपल्या अकरा वर्षांच्या न ऐकणाऱ्या मुलाला जळत्या मिरच्यांच्या धुरावर धरून शिक्षा करताना दिसतो. मिरची शेकताना कोणत्या क्षणी थांबायचे हे ज्या समाजाला पक्के ठाऊक होते, त्याला ती जाळली तर काय होते हेही ठाऊक होते. धार्मिक उपवासात मीठ आणि मिरची वर्ज्य करण्याची प्रथा होती. या दोन गोष्टी सोडणे म्हणजे जेवणातली चवच सोडणे, असा त्याचा अर्थ होता.

वाळल्यावर मिरची नुसती टिकत नाही, तिची चवही पालटते आणि या कृतीत सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. ताज्या मिरचीचा हिरवट, पाणीदार वास जातो आणि त्या जागी मनुका, सुके आलुबुखार, कधी कोको किंवा तंबाखूची आठवण देणारा खोल वास येतो. मेक्सिकन स्वयंपाकात ताजी आणि वाळलेली मिरची हे दोन निराळे जिन्नस मानले जातात आणि बहुतेकांना नावेही निराळी आहेत. पोब्लानो पिकून लाल झाली आणि वाळवली की आंचो होते. तिचाच पिकताना तपकिरी होणारा वाण वाळल्यावर मुलातो होतो. लांबट चिलाकाची पासिया होते आणि मिरासोलची ग्वाहियो. हालापेन्यो जाड सालीची असल्यामुळे उन्हात नीट वाळत नाही, वाळण्याआधीच सडू लागते. म्हणून ती धुरावर वाळवतात आणि तिची चिपोत्ले होते. चिपोत्लेचा तो धुरकट वास आज मुद्दाम हवाहवासा वाटतो, परंतु धुरी देण्याचे मूळ कारण टिकवण हेच होते.

फ्रान्सिस्कन धर्मगुरू बेर्नार्दिनो दे साहागुन यांनी सोळाव्या शतकात नहुआ या मूळ निवासी समाजातल्या जाणकारांकडून माहिती मिळवून बारा भागांचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात बाजारातल्या विक्रेत्यांची वर्णने आहेत. त्यांत मिरची विकणारा आहे. चांगला विक्रेता सौम्य, तिखट, पिवळ्या, धुरावलेल्या अशा निरनिराळ्या मिरच्या ठेवतो आणि वाईट विक्रेता नासका, कुबट माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. तयार पदार्थ विकणारेही आहेत आणि त्यांच्याकडे टोमॅटोचे, भोपळ्याच्या बियांचे, पिवळ्या मिरचीचे, धुरावलेल्या मिरचीचे असे कितीतरी सॉस आहेत. एवढी बारीक विभागणी असलेले शास्त्र कोण्या एका स्वयंपाकघरात एका दिवसात जन्मलेले नसते. मला ही यादी फार मोलाची वाटते, कारण पुढे सांगितल्या गेलेल्या एका लोकप्रिय कथेचे परस्पर उत्तर तीत आहे. त्या कथेकडे पुढे वळू.

स्पॅनिश विजयाआधीची साधने मोजकी होती. शेकण्यासाठी कोमाल हा मातीचा सपाट तवा, थोडे वाटण करायचे तर मोल्काहेते हा तीन पायांचा ज्वालामुखी दगडाचा खल आणि भरपूर वाटण असेल तर मेताते. मेताते आपल्या पाट्याचाच भाऊबंद आहे, पण त्याला पाय असतात, तो वाटणारीच्या बाजूने उंच आणि पुढे उतरता असतो आणि बाई त्याच्यामागे गुडघे टेकून दोन्ही हातांनी दगडी लाटणे पुढे ढकलते. भिजलेल्या मिरच्यांचे साल दगडाखाली रगडून एकजीव करायला तास तास लागत. दाटपणासाठी मक्याचे पीठ, भोपळ्याच्या बिया किंवा वाटलेले दाणे असत. तळणे किंवा परतणे मात्र या स्वयंपाकात जवळजवळ नव्हते, कारण चरबीसाठी पोसलेले जनावर नव्हते आणि तेल गाळण्याची चालही नव्हती. सॉस शिजत असे तो पाण्यात किंवा मांसाच्या रश्श्यात.

१५२१मध्ये अस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिश सैन्यापुढे पडली आणि थोड्याच वर्षांत डुकरे आली. त्यांच्याबरोबर डुकराची चरबी आली आणि तिने सॉसचा पोतच बदलला. वाटण तापलेल्या चरबीत एकदम ओतले की ते फसफसते, चहूकडे शिंतोडे उडतात, मग रंग विटकरीकडून गडद तांबड्याकडे झुकतो, मिरचीचा कच्चा कडवटपणा मरतो आणि कडेने चरबी सुटू लागते. या टप्प्यानंतर त्यात रस्सा घालून मंद आचेवर शिजवतात. आज ही पायरी मेक्सिकन सॉसची खूण मानली जाते आणि ती टाळली तर सॉस पातळ आणि उग्र लागतो, पण तिचे वय पाचशे वर्षांचेच आहे. कांदा, लसूण, व्हिनेगर, गव्हाचा पाव, तीळ, बदाम, मनुका हेही स्पॅनिश लोकांबरोबर आले. व्हिनेगर आणि मिरचीच्या संयोगातून आदोबो हे वाटण झाले. पोर्तुगिजांनी व्हिनेगर-लसणाची तशीच पद्धत गोव्यात आणली आणि भिजवलेल्या सुक्या मिरच्या व्हिनेगरमध्ये वाटून होणारा गोव्याचा रेशाद मसाला हा आदोबोचा जवळचा नातलग ठरतो. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे जहाजांची नियमित ये-जा होती. तिच्यामुळे आशियातले मसाले प्रशांत महासागर ओलांडूनही मेक्सिकोत पोहोचत. दालचिनी, लवंग आणि मिरे आज मोलेमध्ये, म्हणजे अनेक जिन्नस घालून केलेल्या मिरचीच्या दाट सॉसमध्ये, घरचे वाटतात, त्यामागे हा सागरी व्यापार आहे.

मोले पोब्लानोची कथा सर्वश्रुत आहे. प्वेब्ला शहरातील सांता रोसा या ख्रिस्ती मठात व्हाइसरॉय येणार म्हणून एका जोगिणीने मिरच्या, मसाले, सुका मेवा आणि चॉकलेट एकत्र करून सतराव्या शतकात हा सॉस निर्माण केला, असे सांगतात. जोगिणीचे नाव सोर आंद्रेआ असेही सांगितले जाते आणि नक्षीदार फरशांनी मढवलेले मठाचे स्वयंपाकघर आजही पाहायला मिळते. कथा गोड आहे, तथापि तिला समकालीन पुरावा नाही आणि ती रुजली विसाव्या शतकात, क्रांतीनंतरचा मेक्सिको आपली राष्ट्रीय ओळख घडवत असताना. मठांच्या स्वयंपाकघरांत नवे-जुने जिन्नस एकत्र आले हे खरेच, पण तिथे मेतातेमागे बसणाऱ्या बायका बहुतांशी मूळ निवासी समाजातल्या होत्या आणि मिरची शेकावी कशी, वाटावी कशी, दाट कशाने करावी हे ज्ञान त्यांच्या हातांत होते. साहागुन यांच्या यादीत हे सॉस त्या कथेच्या शंभर वर्षे आधी बाजारात विकले जात आहेत. मोलेचे श्रेय एका दैवी प्रेरणेला देताना त्या अनामिक बायका बाजूला पडतात, हे मला अन्यायाचे वाटते.

१८२१मध्ये देश स्वतंत्र झाला आणि दहा वर्षांनी, १८३१मध्ये, मेक्सिकन पाककृतींची पहिली छापील पुस्तके निघाली. त्यांत मोलेच्या कृती आहेत, तरी श्रीमंतांच्या मेजवान्यांवर एकोणिसावे शतकभर फ्रेंच स्वयंपाकाचा पगडा होता. मिरचीचे सॉस घराघरांत, बाजारांत आणि गावजेवणांत टिकले. वाहाका राज्यात तर ते इतके बहरले की तिथल्या सात मोलेंची नावे लोक पाठ म्हणतात. त्यांतल्या काळ्या मोलेसाठी चिल्वाक्ले नावाची स्थानिक मिरची जवळजवळ काळी होईपर्यंत भाजतात, बिया वेगळ्या काढून पार जाळतात, त्या जळक्या बिया पाणी बदलून भिजवतात आणि मगच वाटतात. एरवी ज्या कडवटपणापासून मिरची जपायची, तोच इथे ताब्यात ठेवून वापरला जातो. हे घरी करून पाहणाऱ्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सीमेपलीकडे वेगळेच घडले. टेक्सासमध्ये १८९०च्या दशकात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने आंचो मिरच्या दळून, त्यात जिरे वगैरे घालून बाटलीबंद पूड विकायला सुरुवात केली. अमेरिकेला मेक्सिकन मिरचीची चव म्हणून जी पूड परिचित झाली, ती अशी आली. पूड सोयीची होती, पण भिजवलेल्या मिरचीच्या गराने येणारा दाटपणा तीत नव्हता आणि आंचो, पासिया, ग्वाहियो यांच्यातला भेद पुसला गेला. १९७०च्या दशकापासून मेक्सिकोच्या प्रांतोप्रांतीच्या कृती इंग्रजीत नेमकेपणाने मांडल्या जाऊ लागल्या आणि पुढे मेक्सिकन स्थलांतरितांच्या दुकानांतून अख्ख्या मिरच्या सहज मिळू लागल्या, तेव्हा कुठे परदेशातल्या घरांत मूळ पद्धतीने सॉस होऊ लागले.

मेक्सिकोतल्या घरांत खरा पालट यंत्रांनी केला. आधी मोटारीवर चालणाऱ्या गिरण्या आल्या, मग विजेचा मिक्सर आला आणि मेतातेपाशी जाणारे बायकांचे तास सुटले. दगडावर वाटलेल्या सॉसचा पोत वेगळा असतो ही तक्रार खरी आहे, पण ज्यांनी गुडघे टेकून वाटले त्यांनी ती फारशी केली नाही. मिक्सर साल पूर्ण बारीक करत नाही, म्हणून विशेषतः ग्वाहियोच्या चिवट सालीसाठी गाळणे आवश्यक झाले. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला मिल्पा आल्ता भागातले सान पेद्रो आतोक्पान हे गाव मोलेची पूड आणि वाटणाचा घट्ट गोळा बनवण्यासाठीच ओळखले जाऊ लागले. तिथे १९७७पासून मोलेची जत्रा भरते. युनेस्कोने २०१०मध्ये पारंपरिक मेक्सिकन पाकपरंपरेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

मिरचीचे शेत मात्र अडचणीत आहे. वाळलेल्या मिरचीच्या उत्पादनात साकातेकास राज्य अग्रेसर आहे, तरी गेल्या काही दशकांत चीन, भारत अशा देशांतली स्वस्त मिरची मेक्सिकोच्या बाजारात आली आणि तिथल्याच जुन्या नावांनी विकली जाऊ लागली. हालिस्को राज्यातील याउआलिका परिसराच्या आर्बोल मिरचीला २०१८मध्ये उगमस्थानाचे संरक्षण मिळाले, त्यामागे हीच स्पर्धा होती. घरी सॉस करणाऱ्याशी याचा थेट संबंध आहे, कारण पाकिटावरचे नाव एक असले तरी आतला माल एकसारखा नसतो. चांगली आंचो चामड्यासारखी लवचीक असते, दुमडली तर तुटत नाही आणि पाकीट उघडताच मनुकांसारखा वास येतो. जी कडकडून मोडते आणि जिला धुळीचाच वास येतो, तिने सॉस होतो, पण तो कडू आणि सपक होतो. महाराष्ट्रात मेक्सिकन मिरच्या मिळाल्या नाहीत, तर ग्वाहियोच्या जागी ब्याडगी बऱ्यापैकी चालते, कारण दोन्हींचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा आहे. आंचोच्या गोडसर, मांसल गराला आपल्याकडच्या कोणत्याही मिरचीने भरपाई होत नाही, तेव्हा आंचोवर उभे असलेले मोले करायचे असतील तर ती मिरची मिळेपर्यंत थांबावे आणि तोवर ग्वाहियोच्या कृती ब्याडगीवर कराव्यात.