अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं 'नर्स' लिहून चालत नाही

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी भरती निघाली, की चांगल्या शिकलेल्या, काम केलेल्या मुलींची नावं अपात्र यादीत लागतात. बहुतेकींचं अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर.

आधी पदनाम नीट बघा. दोन वर्षांचं एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम) केलं असेल तर उपकेंद्रावरची आरोग्य सेविका. तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलं असेल तर अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स. आरोग्य सहाय्यिका हे सेविकांच्या कामावर देखरेख करणारं पद आहे. नावावरून मदतनीस समजून अर्ज टाकू नका. आशाताईंचं काम कितीही मोठं असलं, तरी ते नर्सिंगच्या अनुभवात धरत नाहीत.

आता दाखला. तालुक्याच्या नर्सिंग होममधून मिळणारा कागद साधारण असा असतो: 'यांनी आमच्याकडे नर्स म्हणून काम केले, वागणूक चांगली.' छाननीत हा बाद होतो. तीन वर्षं रात्रपाळी केलेल्या मुलीचा अर्ज एका शब्दापायी जातो. हॉस्पिटलला एक फोन करून खात्री करून घ्यावी, एवढंही कुणाला सुचत नाही, याचा खरंच राग येतो. म्हणून लेटरहेडवर जावक क्रमांक, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीनुसार पदनाम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या विभागात (प्रसूती, अतिदक्षता, बाह्यरुग्ण) आणि प्रत्यक्ष कोणती कामं केली, हे सगळं लिहून घ्या. खाली सही-शिक्का हवाच. मुंबईची नोकरी सोडून गावी येणार असाल तर निघायच्या आधी दाखला हातात घ्या. नंतर ओळखीचे डॉक्टर तिथे नसतात, एखादं हॉस्पिटलच बंद झालेलं असतं.

अनुभव बहुधा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीनंतरचाच मोजतात. निकाल लागल्यापासून नोंदणी होईपर्यंत केलेलं काम त्यात येत नाही. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, तीही तारीख तपासा.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा. वयाचा पुरावा, अधिवास, जातीचा दाखला नेहमीप्रमाणे.

शेवटची तारीख बहुतेक वेळा अर्ज कार्यालयात पोहोचण्याची असते, पोस्टात टाकण्याची नव्हे. देवगडहून ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयी, पाठवायचा असेल तर स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. तात्पुरती यादी लागल्यावर हरकतीला थोडेच दिवस मिळतात, आणि तेव्हा नवीन कागद सहसा स्वीकारत नाहीत.