पलटणीतले पंडितजी ‘कमिसार’ नव्हेत

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर सैन्यभरतीचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतोच: पलटणीतले पंडितजी म्हणजे रशियन कमिसार, जवानांवर नजर ठेवणारे. साफ चूक. आपल्याकडे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री नायब सुभेदार हुद्द्यावर भरती होतात. पूजाअर्चा, अंत्यविधी, इस्पितळातल्या जवानांना धीर देणं हे त्यांचं काम. हुकूम त्यांचा चालत नाही. सोव्हिएत कमिसार मात्र सैन्यात नेमलेला कम्युनिस्ट पक्षाचा माणूस, सेनाधिकाऱ्याच्या आदेशावर त्याचीही सही लागे. ही दुहेरी सत्ता ऑक्टोबर १९४२ मध्ये संपली.

शत्रूच्या हाती सापडल्यावर तर फरक भयंकर. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार धर्मगुरू युद्धकैदी मानला जात नाही. पकडलेल्या कमिसारांना गोळ्या घालण्याचा हुकूम जर्मनांनी जून १९४१ मध्येच काढला होता. चिनी सैन्यात राजकीय कमिसार आजही आहेत.