धान्यटंचाई व धान्यमहागाई

धान्यटंचाई व धान्यमहागाई : गरजेच्या मानाने धान्य कमी पडणे ही टंचाई, मिळकतीच्या मानाने त्याचा भाव चढणे ही महागाई. दोन्ही बहुधा जोडीने येतात, म्हणून बोलण्यात एकच धरली जातात. पण पीक चांगले असतानाही भाव भडकतो (तांदूळ, २००८) आणि बाजारात धान्य असूनही माणसे उपाशी मरतात (बंगाल, १९४३). प्रस्तुत नोंदीत जागतिक कारणांचा विचार असून उदाहरणे शक्य तेथे बडोदे शहर व जुने बडोदे संस्थान यांतून घेतली आहेत.

धारण : ‘महागाई’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’ (मोठ्या मोलाचे) यावरून आला. जुन्या मराठी कागदांत मात्र धान्याच्या दराला ‘धारण’ म्हणतात. स्मृतिग्रंथांत ‘धरण’ नावाचे वजन आढळते, त्याच्याशी हा शब्द जोडण्याचा मोह होतो. पण उच्चारसाम्यापलीकडे पुरावा नाही. ‘धृ’ धातूवरून ‘बाजारात ठरलेला, धरून राहिलेला दर’ हा अर्थ अधिक सरळ वाटतो. शब्दापेक्षा महत्त्वाची आहे ती दर मांडण्याची रीत. आज आपण मणाला किंवा क्विंटलला इतके रुपये असे म्हणतो. धारण रुपयाला इतके शेर किंवा इतक्या पायल्या अशी लिहिली जाई. त्यामुळे महागाईत आकडा चढत नाही, उतरतो. रुपयाला १६ शेरांवरून ८ शेर झाले, तर माप निम्म्यावर आले, पण भाव दुप्पट झाला, म्हणजे १०० टक्के वाढला. १६ चे ४ शेर झाले, तर माप ७५ टक्के घटले आणि भाव ३०० टक्के चढला. मापातील घट हीच भाववाढ समजल्याने जुन्या दुष्काळांची तीव्रता कमी लेखली जाते. बडोद्याच्या कागदांत आणखी एक अडचण आहे. संस्थानचा बाबाशाही रुपया कलदार (इंग्रज सरकारच्या) रुपयापेक्षा हलका होता व शेरही गावोगाव वेगळा होता. कोणता रुपया आणि कोणता शेर हे ठरल्याखेरीज दोन गावांच्या धारणी शेजारी मांडू नयेत.

छप्पनियो : १८९९–१९०० चा गुजरातेतील दुष्काळ विक्रम संवत १९५६ वरून या नावाने ओळखला जातो. कालगणनेत येथे हमखास घोटाळा होतो. पाऊस दडला तो १८९९ च्या पावसाळ्यात. मारवाडात संवत चैत्रात बदलतो, म्हणून तिकडे तो पावसाळा १९५६ चाच. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, म्हणून इथे पावसाळा १९५५ मध्ये पडतो आणि उपासमारीचे महिने १९५६ मध्ये. मराठी कागदांत शके १८२१ असेल, तर तो मार्च १९०० च्या सुमारास संपतो. त्यापुढच्या उन्हाळ्यातील पटकी व पावसाळ्यातील हिवताप शके १८२२ खाली शोधावा लागतो.

बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २४,१५,३९६ होती. १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ भरली. ४,६२,७०४ ची ही घट सुमारे १९ टक्के होते. ती सगळी भूकबळींची संख्या म्हणून सांगितली जाते, ते बरोबर नाही. दशकात प्लेगही आला, माणसे परागंदा झाली, जन्म घटले. तरीही घटीचा मोठा वाटा दुष्काळवर्षाचाच असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रेल्वेमार्ग बडोद्यावरून जात असल्याने बाहेरचे धान्य येऊ शकत होते. गवत आणि कडबा मात्र वजनाच्या मानाने फार जागा खातात. त्यांची दूरची वाहतूक परवडेना. गुरे मेली, बैलाबरोबर पुढच्या वर्षाची पेरणीही गेली. काम नाही म्हणून मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून वखारीतले धान्य असून नसल्यासारखे, अशी गत झाली. सयाजीराव महाराजांनी दुष्काळी भागात केलेल्या दौऱ्याची टिपणे पुढे छापली गेली. अभ्यासकाने ती अवश्य पाहावीत.

जागतिक कारणे : जगात पिकणाऱ्या गव्हाचा साधारण चौथा हिस्सा देशांच्या सीमा ओलांडतो, तांदळाचा तर जेमतेम दहावा. उरलेले जिथे पिकते तिथेच खपते. म्हणून एकूण पिकात दोन-तीन टक्क्यांची तूट आली आणि देश आपापला साठा धरून बसले, की ती सगळी तूट या चिंचोळ्या व्यापारावर येऊन पडते. तूट थोडी आणि भाव दुप्पट, याचे गणित इथे आहे.

दुसरे माप शिलकीचे. हंगामाअखेरची शिल्लक भागिले वर्षाचा खप. खप १०० आणि शिल्लक २० असेल, तर जगाच्या कोठारात ७३ दिवसांचे धान्य आहे. सर्व तृणधान्ये मिळून १७–१८ टक्के ही अन्न व कृषी संघटनेची जुनी धोक्याची रेषा. मात्र या आकड्यावर विसंबताना चीनचा साठा वेगळा काढावा. गव्हाच्या जागतिक शिलकीपैकी निम्म्याच्या आसपास चीनमध्ये असते आणि ती बाजारात येत नाही.

२००७–०८ च्या भडक्याच्या कारणांवर एकमत नाही. ऑस्ट्रेलियातील लागोपाठचे अवर्षण, अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल, जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलेले खनिज तेल, दुबळा डॉलर, वायदेबाजारातील सट्टा, भारत व चीनमधील वाढता खप अशी यादी दिली जाते. वाढत्या खपाचे कारण सर्वांत लंगडे आहे, कारण दोन्ही देश तेव्हा बहुतांशी आपले धान्य आपणच पिकवत होते. सट्ट्याने चढउतार तीव्र केले असतील. पण ज्याचे वायदे फारसे होत नाहीत तो तांदूळच सर्वाधिक भडकला, हे सट्ट्याच्या मीमांसेला जड जाते. तांदळाचे पीक त्या वर्षी बुडाले नव्हते. ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने बासमतीखेरीज इतर तांदळाच्या निर्यातीवर बंधन घातले, मागोमाग व्हिएतनामने. फिलिपीन्सने घाईघाईने मोठ्या खरेदीच्या निविदा काढल्या. थायी तांदूळ टनाला तीन-साडेतीनशे डॉलरवरून १,००० डॉलरच्या वर गेला. मग आपल्याकडील आयात तांदळाचा साठा मोकळा करण्यास जपान तयार असल्याची बातमी आली आणि प्रत्यक्ष पोते हलण्याआधी भाव उतरू लागला. दारे बंद होण्याच्या भीतीने भाव चढला, हे मत यावरून सर्वांत सबळ ठरते.

हाच क्रम पुन्हा दिसला. ऑगस्ट २०१० मध्ये रशियाने अवर्षणामुळे गव्हाची निर्यात रोखली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले. रशिया व युक्रेन मिळून गव्हाच्या जागतिक निर्यातीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग पुरवीत होते. त्या मार्चमध्ये भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च झाला. दाणा भरण्याच्या वेळी उष्ण वारे लागले की पीक लवकर पिवळे पडते व दाणा चिमतो. निर्यातदार आधारभावापेक्षा (सरकारचा किमान खरेदीभाव, क्विंटलला २,०१५ रुपये) जास्त देऊ लागले आणि सरकारी खरेदी ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. १३ मे रोजी निर्यात बंद झाली, तेव्हा गव्हाचे ट्रक कांडला बंदराबाहेर रांगेत उभे होते.

खतांची बाजू दुर्लक्षित राहते. १ टन युरियाला सुमारे ०.५८ टन अमोनिया लागतो आणि अमोनियातील हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. बडोद्याजवळच्या फर्टिलायझरनगरच्या वसाहतीचे नावच या उद्योगावरून पडले आहे. वायू महागला की खत महागते. भारतात युरियाच्या गोणीची किंमत सरकारने बांधलेली असल्याने हा धक्का शेतकऱ्याऐवजी तिजोरीला बसतो; आफ्रिकेतील शेतकरी खत कमी घालतो आणि टंचाई पुढच्या हंगामात उगवते.

परिणाम : गरीब घरात भाववाढीचा पहिला घाव धान्यावर पडत नाही. आधी दूध व फळे, मग डाळ आणि भाजी कमी होते. भाकरी-पोळी शेवटपर्यंत टिकते. म्हणून पोट भरलेले दिसते आणि मुलांचे रक्त कमी होते व वाढ खुंटते. २००९ साठी जगात १०२ कोटी उपाशी हा आकडा गाजला. पुढे पद्धत सुधारल्यावर तो बराच खाली आला. राजकीय परिणाम लवकर दिसतात : एप्रिल २००८ मध्ये हैतीच्या पंतप्रधानांना जावे लागले.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) पात्र व्यक्तीस महिन्याला ५ किलो धान्य मिळते. देशातील खप माणशी सरासरी ८ ते १० किलो असल्याने उरलेले बाजारभावाने घ्यावे लागते, आणि भाववाढ या निम्म्या भागावर बसते.

घरची बेगमी : बडोद्यातील मराठी घरांत गुजराती शेजाराप्रमाणे मार्च ते मे या काळात वर्षाचा गहू भरतात. येथील मण २० किलोचा. क्विंटलला २,४२५ रुपये हा २०२५ चा आधारभाव मणाला ४८५ रुपये होतो. चार माणसांना माणशी ५ किलोप्रमाणे वर्षाला १२ मण लागतात.

दाणा दाताखाली धरला असता कट् असा फुटावा. दबला तर ओल आहे. ओल १२ टक्क्यांवर नसावी; १४ च्या पुढे बुरशी धरते. दोन-तीन उन्हे दिल्यावर गहू रात्रभर पसरून गार करतात. गरम गहू कोठीत भरला, तर वाफ झाकणाखाली थंड होऊन पाणी सुटते आणि वरचा थर कुबट होतो. मग मणाला १०० ते १५० ग्रॅम एरंडेल तळहातांनी चोळतात. तेलाच्या पापुद्र्यामुळे सोंड्यांना (धान्य पोखरणाऱ्या किड्यांना) अंडी घालणे जड जाते व घातलेली अंडी गुदमरतात. तेल जास्त झाले तर पीठ जात्याला चिकटते. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच घालावा. ओला पाला स्वतःच ओल आणतो. पाऱ्याच्या गोळ्या घालण्याची रीत काही घरांत आहे. पारा विषारी असल्याने ती सोडून द्यावी. कोठी जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून सुटी ठेवतात आणि पावसाळ्यात ओल्या हाताने उघडत नाहीत. जुन्या गव्हाचा तळ झाडून, कोठी उन्हात तापवून मगच नवा भरतात, कारण सांदीत राहिलेले चार सोंडे दिवाळीपर्यंत सगळी कोठी पोखरतात.