सुगंधी तेलांचे विरलन (घरगुती अत्तरांतील)

वनस्पतींपासून ऊर्ध्वपातनाने (वाफ करून ती थंड करण्याने) किंवा फळाची साल दाबून काढलेली बाष्पनशील तेले त्वचेवर लावण्याच्या अत्तरात वापरताना खोबरेल, जोजोबा तेल किंवा तीव्र अल्कोहॉल यांसारख्या माध्यमात ठरावीक प्रमाणात विरळ करणे. विरळ न केलेल्या तेलाने होणारे अपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला दाह, तो मात्रेवर अवलंबून असतो आणि बरा होतो. दुसरी अधिहर्षता (अ‍ॅलर्जी). ती एकदा जडली की बहुधा कायमची राहते, आणि पुढे तोच घटक अल्प प्रमाणात आला तरी पुरळ उठते. तिसरा प्रकाशविषारीपणा, यात तेल आणि ऊन एकत्र आल्यावर त्वचा भाजल्यासारखी होते.

पूर्वपीठिका : वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) गंधयुक्तीवर (सुगंधी मिश्रणे करण्याच्या कलेवर) स्वतंत्र अध्याय आहे. १६ द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १,८२० मिश्रणे होतात, असा हिशोब त्यात येतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात (बारावे शतक) विलेपनाची चर्चा आहे. मराठी वाचकाला अधिक जवळची संहिता म्हणजे गंधवाद. तिच्यासोबत मराठी टीका असून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. तिचा काळ ढोबळमानाने चौदावे ते सोळावे शतक असा धरतात. या ग्रंथांतील मापे ‘भागां’त दिलेली असतात, पण ती वास जुळवण्यासाठी आहेत. चूर्णे, झाडांची राळ, उगाळलेले चंदन, फुलांनी वासित केलेले तीळतेल अशी तेव्हाची द्रव्ये मुळातच सौम्य होती, त्यामुळे आजच्या अर्थाने विरलनाचा प्रश्न क्वचितच उद्भवत असावा.

प्रश्न निर्माण झाला तो ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलांमुळे, आणि त्या क्रियेच्या उगमाबद्दल एकमत नाही. सुगंधी ऊर्ध्वपातनाचे श्रेय लोकप्रिय लेखनात इब्न सीना (९८०–१०३७) यास दिले जाते. परंतु नवव्या शतकातील अल-किंदीच्या सुगंधविषयक कृतींत ते आधीच दिसते. दुसरीकडे तक्षशिला व शैखान ढेरी येथील मातीच्या भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये ऊर्ध्वपातनाचे मूळ प्राचीन भारतात असावे, असे सुचवले. ही भांडी वाफ थंड करण्याजोगी आहेत हे मान्य केले, तरी त्यांतून सुगंधी तेलच काढले जाई असे त्यावरून सिद्ध होत नाही. मद्याचा पर्याय अधिक संभाव्य वाटतो. गोव्यात हाच वाद माडाच्या फेणीच्या निमित्ताने निघतो. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणले, पण माडाच्या सुरेचे ऊर्ध्वपातन त्यांच्या आधीचे की नंतरचे, याबद्दल मतभेद आहेत. फेणीची भाटी आणि कनौजच्या अत्तरकारांचे देग-भपके (ऊर्ध्वपातनाची भांडी) यांचे तत्त्व मात्र एकच आहे.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. लवंग, दालचिनी, कापूर, चंदन यांवर त्यात स्वतंत्र संवाद आहेत आणि चंदन अंगाला लावण्याच्या चालीची नोंदही आहे.

विरलनाची गणना : घरगुती कृतींत दोन वेगळ्या परंपरांचे आकडे एकमेकांत मिसळतात. सुगंधोपचारात अंगाला लावायच्या तेलासाठी १ ते ३ टक्के हे प्रमाण रूढ आहे. अत्तरव्यवसायात कोलोनमध्ये सुमारे २ ते ४ टक्के, तर तीव्र अत्तरात १५ ते ३० टक्के सुगंधद्रव्य असते. हे दोन्ही आकडे एकूण सुगंधद्रव्याचे आहेत, आणि केवळ त्यांवर विसंबणे हीच घरगुती मिश्रणांतील मुख्य चूक होय. सुरक्षितता प्रत्येक तेलाच्या स्वतंत्र मर्यादेवर ठरते. लवंगतेल घ्या : सुगंधोपचाराच्या क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा ०.५ टक्का मानतात. १० ग्रॅम अत्तरात एकूण १५ टक्के म्हणजे १.५ ग्रॅम तेले घातली आणि त्यांचा पाचवा हिस्सा लवंगेचा ठेवला, तर लवंग ०.३ ग्रॅम, म्हणजे तयार मिश्रणाच्या ३ टक्के होते. एकूण प्रमाण अत्तराला साजेसे आणि लवंग मर्यादेच्या सहापट, अशी स्थिती होते.

गवती चहाच्या तेलासाठी ०.७ टक्का, दालचिनीच्या सालीच्या तेलासाठी केवळ ०.०७ टक्का हे आकडे प्रचारात आहेत. दालचिनीच्या पानाचे तेल निराळे. त्यात युजेनॉल हा लवंगेतील घटक प्रमुख असल्याने मर्यादा बरीच वर, सुमारे ०.६ टक्क्यापर्यंत जाते. सालीच्या तेलात अधिहर्षता जडवणारे सिनॅमाल्डिहाइड प्रमुख असते. गोव्याच्या फोंडा तालुक्यातील कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) व मसाल्याच्या बागांत दालचिनी, लवंग, जायफळ पिकते आणि पर्यटकांसाठी तेलांच्या कुप्याही विकल्या जातात. कुपीवर नुसते ‘दालचिनी तेल’ लिहिले असेल, तर साल की पान हे विचारून घ्यावे. समजले नाही तर ते सालीचे धरून चालावे. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या (स्थापना १९७३) अलीकडच्या मर्यादा अत्तर या वर्गात काही घटकांसाठी याहून सैल आहेत. त्या रासायनिक पृथक्करण केलेल्या मालासाठी आखलेल्या असल्याने घरगुती वापरासाठी जुने, कडक आकडे अधिक योग्य ठरतात.

थेंब हे माप अविश्वसनीय आहे. १ मिलिलिटर म्हणजे २० थेंब हा संकेत औषधालयांतून आला. प्रत्यक्षात कुपीचे तोंड व तेलाचा दाटपणा यांनुसार २० ते ४० थेंब भरतात. घनताही बदलते : लवंगतेल पाण्याहून किंचित जड, संत्र्याचे तेल बरेच हलके. म्हणून वजन करावे. स्वयंपाकघरातील १ ग्रॅमचा काटा येथे निरुपयोगी आहे. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. १० ग्रॅम अत्तरात दालचिनीच्या सालीचे तेल ७ मिलिग्रॅमच बसते, आणि एका थेंबाचे वजनच साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम असते; तेवढे सूक्ष्म वजन या काट्यालाही पेलत नाही. यावर उपाय टप्प्याटप्प्याच्या विरलनाचा. १ ग्रॅम तेल ९ ग्रॅम माध्यमात मिसळून १० टक्क्यांचे द्रावण करावे, त्यातील १ ग्रॅम पुन्हा ९ ग्रॅम माध्यमात घालून १ टक्क्याचे. या दुसऱ्या द्रावणाचे ०.७ ग्रॅम घेतले की नेमके ७ मिलिग्रॅम तेल येते. व्यावसायिक अत्तरकारही तीव्र द्रव्ये अशीच आधी विरळ करून ठेवतात.

ऊन आणि लिंबूवर्गीय तेले : दाबून काढलेल्या लिंबूवर्गीय तेलांत फ्युरोकूमरिने असतात. ती अतिनील किरणे शोषून त्वचेला इजा करतात आणि मागे महिनोन्महिने टिकणारे काळसर डाग राहतात. कोलोनमुळे मानेवर ओघळासारखे डाग पडल्याचे वर्णन १९१६ पासून वैद्यकात आढळते. त्वचेवर राहणाऱ्या मिश्रणात बर्गामोट ०.४ टक्का, कागदी लिंबू ०.७ टक्का, पिवळे लिंबू २ टक्के, ग्रेपफ्रूट ४ टक्के या मर्यादा आहेत. त्या एकत्रित मोजायच्या असतात : बर्गामोट ०.२ टक्का, म्हणजे मर्यादेच्या निम्मा घातला, तर कागदी लिंबू ०.३५ टक्क्यापर्यंतच चालेल. ऊर्ध्वपातित लिंबूतेलाला ही अट नाही, कारण ही द्रव्ये वाफेबरोबर न जाता मागे उरतात. गोड संत्र्याचे तेलही यातून मोकळे आहे. मर्यादेहून अधिक असलेले मिश्रण लावल्यास तो भाग किमान १२ तास उन्हापासून झाकावा. किनाऱ्यावरच्या गोमंतकीय उन्हाळ्यात असे मिश्रण कपड्यावरच लावलेले बरे. उर्राकात (काजूच्या रसाच्या सौम्य दारूत) लिंबू पिळून तेच हात घेऊन उन्हात बसणाऱ्याच्या बोटांवर उठणारे चट्टे याच कारणाचे असतात.

माध्यम : खोबरेल सुमारे २४–२५° से.ला गोठते, त्यामुळे गोव्यात ते बहुतेक वर्षभर पातळ राहते. घाण्याच्या खोबरेलाचा स्वतःचा वास मिश्रणात उतरतो. पाणी किंवा दूध हे माध्यम नव्हे. तेल वर तरंगते आणि तसेच, विरळ न होता त्वचेला लागते. घरात फेणी असतेच म्हणून ती वापरण्याचा मोह होतो, पण तिच्यात अल्कोहॉल सुमारे ४२–४३ टक्के, उरलेले बहुतांशी पाणी. तेवढ्यात बहुतेक तेले नीट विरघळत नाहीत, मिश्रण दुधाळ होते व तेल सुटून वर येते. ९० टक्क्यांहून तीव्र अल्कोहॉल लागते आणि ते अबकारी नियमांखाली येते. त्याची फवारणी समई वा उदबत्तीजवळ करू नये.

गोव्यातील म्हार्दोळच्या महालसा देवीला वाहतात त्या जायांचे तेल वाफेने निघत नाही; नाजूक वास उष्णतेने बिघडतो. खोबरेलात जाया, मोगरा किंवा सुरंगी मुरवून केलेले तेल हे वासित तेल असून बाष्पनशील तेल नाही, आणि त्याला वरील टक्केवारी लागू होत नाही. फुलांतील ओलाव्याने ते खवट होते, म्हणून फुले गाळून काढावी लागतात.

साठवण व चाचणी : हवा व उष्णता यांनी लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनीन आणि लव्हेंडरमधील लिनॅलूल यांचे ऑक्सिडीकरण होते, व त्यातून अधिहर्षता जडवणारी द्रव्ये बनतात. जुने तेल वासाला बरे वाटले तरी त्वचेवर वापरू नये. गडद काचेची, काठोकाठ भरलेली कुपी शीतकपाटात ठेवणे हा दमट हवेतला उत्तम मार्ग. चाचणी तयार मिश्रणाचीच, कोपराच्या आतल्या बाजूस, ४८ तास करावी; विरळ न केलेल्या तेलाची चाचणी स्वतःच अधिहर्षता जडवू शकते. पहिल्या संपर्कानंतर अधिहर्षता तयार होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणून एका चाचणीत काही न होणे ही हमी नव्हे. लहान मुलांच्या चेहऱ्याजवळ कापूर व निलगिरी वर्ज्य.

विक्रीसाठी अत्तर तयार करणे हे सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली येते आणि त्यास राज्याच्या अनुज्ञप्ती अधिकाऱ्याचा परवाना लागतो. ते घरात केले जाते म्हणून सूट मिळत नाही.